मँगनीजची बेगमी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर वाशी आहे आणि पश्चिम काठावर ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र. वाशीत २००० साली मसाल्यांसाठी विकिरण केंद्र सुरू झाले. मिरची, हळद, धणे, मिरी यांची पोती आणि खोकी तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांसमोरून फिरवली जातात. मसाला शेतातून, खळ्यातून, गोदामातून येतो. त्यात जीवाणू आणि बुरशी असतातच. शिजवून ते मारावेत तर मसाल्याचा वासही जातो, म्हणून किरणांचा मार्ग. मसाल्यांसाठी नियमाने ठरवलेली मात्रा ६ ते १४ किलोग्रे इतकी आहे. माणसाच्या सबंध शरीराला एकाच वेळी ५ ग्रे मिळाले, तर उपचारांशिवाय वाचण्याची शक्यता फार कमी. म्हणजे मसाल्यातल्या जीवाणूंवर त्याच्या हजारपटीहून अधिक मारा होतो.

तरीही असा मारा सोसणारा एक जीवाणू आहे. १९५६ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आर्थर अँडरसन डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचे प्रयोग करत होते. सगळे जीवाणू मरायला हवे होते, पण एका डब्यातले मांस खराब झाले आणि त्यात गुलाबीसर रंगाचा गोल जीवाणू सापडला. पुढे त्याला डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हे नाव मिळाले. ५ हजार ग्रे सोसून तो पुन्हा वाढू लागतो. ट्रॉम्बेतही त्यावर अनेक वर्षे काम झाले आहे. श्री. कु. आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात सालमोनेलाचे एक जनुक घालून अणुकचऱ्याच्या पातळ द्रावणातले युरेनियम फॉस्फेटच्या रूपात खाली बसवून दाखवले. तो शोधनिबंध २००६ सालचा आहे.

हा जीवाणू इतका चिवट का, याचे उत्तर बराच काळ डीएनएच्या दुरुस्तीत शोधले गेले. २००४ साली मायकेल डॅली यांच्या गटाने वेगळीच दिशा दाखवली. त्यांनी किरणांना बळी पडणाऱ्या आणि किरण सोसणाऱ्या जीवाणूंच्या पेशींत कोणती खनिजे किती आहेत, हे मोजले. सोसणाऱ्यांत मँगनीज भरपूर आणि लोह कमी होते. बळी पडणाऱ्यांत याच्या उलट. डीएनए दोघांचेही तुटते. मँगनीज असलेल्या पेशीत मात्र दुरुस्ती करणारी प्रथिने शाबूत राहतात, म्हणून तुटलेले पुन्हा जोडता येते. किरणांमुळे पाण्यातून तयार होणारे आक्रमक रेणू मँगनीजचे साधे संयुग शमवते. लोह मात्र हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून आणखी आक्रमक रेणू तयार करते.

या प्रकरणाचा विषय किरण नाहीत, प्रोबायोटिक जीवाणू आहेत. तरी सुरुवात इथून करण्याला कारण आहे. संकट आणि खनिज यांचे नाते डायनोकॉकसमध्ये ठळक दिसते, पण ते त्याच्या आधी सापडले होते आपल्या खाण्यातल्या एका जीवाणूत. आंबवलेल्या भाज्यांत, गुरांच्या मुरघासात आणि माणसाच्या आतड्यात राहणारा हा जीवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस प्लँटारम. २०२० साली लॅक्टोबॅसिलस या मोठ्या प्रजातीची विभागणी झाली आणि त्याचे नाव लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम झाले. पुढे त्याला नुसते प्लँटारम म्हणू.

ऑक्सिजनात जगणाऱ्या प्रत्येक पेशीला सुपरऑक्साइड नावाच्या घातक रेणूशी सामना करावा लागतो. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी तो रेणू निकामी करणारे विकर शोधून काढले: सुपरऑक्साइड डिसम्युटेज. हे विकर नसेल तर हवेत जगणे अशक्य, असा समज रूढ होत गेला. प्लँटारमकडे हे विकर नाही, तरी तो हवेत व्यवस्थित वाढतो. फ्रिडोविच यांना ही विसंगती सोडवत नव्हती. १९८१ साली फ्रेडरिक आर्चिबाल्ड आणि फ्रिडोविच यांनी तिचा उलगडा केला. प्लँटारम विकराचे काम साध्या मँगनीजकडून करून घेतो. त्याच्या पेशीत मँगनीजचे प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिमोल इतके भरते, म्हणजे पेशीतल्या एक लिटर द्रवात सव्वा ग्रॅमच्या आगेमागे. इतर बहुतेक जीवाणूंत ते याच्या कैकपटींनी कमी असते. त्याच जीवाणूला मँगनीज नसलेल्या अन्नावर वाढवले, तर त्याची ऑक्सिजन सोसण्याची ताकद जाते.

उरण-पनवेलकडच्या आगरी-कोळी घरांत पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी होते; सुकट, तांदूळ, मीठ, लाकूडफाटा घरात येऊन पडतो. प्लँटारमचे मँगनीज तसेच, संकट येण्याआधी भरून ठेवलेले. ते जमवायला वाव मिळाला नाही, तर ऐनवेळी काही करता येत नाही. १९८३ साली आर्चिबाल्ड यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते ती त्याहून मोठी आहे: प्लँटारमला वाढायला लोह लागतच नाही. जिवंत पेशीला लोह हवेच, हे तोवर जवळजवळ सूत्र मानले जात होते. ज्या धातूमुळे ऑक्सिजन घातक होतो, तो धातूच या जीवाणूने आपल्या संसारातून काढून टाकला आणि त्याच्या जागी मँगनीज ठेवले.

प्रयोगशाळांना हे नकळत ठाऊक होते. लॅक्टोबॅसिलस वाढवण्यासाठी जगभर जे एमआरएस नावाचे पोषक द्रावण वापरतात, ते द मान, रोगोसा आणि शार्प यांनी १९६० साली तयार केले. त्याआधी या जीवाणूंना टोमॅटोचा रस घालून वाढवत. रसाचा प्रत्येक घाणा वेगळा निघे, म्हणून ठरलेल्या घटकांचे द्रावण हवे होते. त्या घटकांत मँगनीज सल्फेट आहे. आज नवी मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयात जीवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी एमआरएसची भुकटी पाण्यात विरघळवतो, तेव्हा तो त्या जीवाणूंची बेगमीच भरत असतो. इथे सावध राहायला हवे. एमआरएसमध्ये वाढलेला प्लँटारम आणि भाजीच्या पानावर वाढलेला प्लँटारम यांच्यात नावापलीकडे बराच फरक असू शकतो. एखाद्या जीवाणूची खनिज घेण्याची क्षमता हा त्याचा कायमचा गुण आहे असे धरून चालले, तर फसगत होते. तो कोणत्या परिस्थितीतून आला, यावर ती ठरते.

खनिज पेशीत येते कसे? पेशीचे पटल मेदाचे असते आणि विद्युतभार असलेले मँगनीज, कॅल्शियम, पोटॅशियम त्यातून आपोआप जात नाहीत. त्यांच्यासाठी पटलात वाहक प्रथिने असतात. मँगनीजचा एक वाहक बाहेरून एक प्रोटॉन आत घेताना त्याच्यासोबत मँगनीजही आत ओढतो. त्यामुळे परिसर आंबट असला, म्हणजे बाहेर प्रोटॉन भरपूर असले, तर या वाहकाला जोर मिळतो. स्वतः लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूला ही व्यवस्था सोयीची. वाहक किती बनवायचे, हे अनेक जीवाणूंत एक नियंत्रक प्रथिन ठरवते. आत मँगनीज पुरेसे असेल तर ते नियंत्रकाला चिकटते, नियंत्रक डीएनएवर बसतो आणि वाहक बनणे थांबते. मँगनीज संपत आले की नियंत्रक सुटतो आणि वाहक बनू लागतात. प्लँटारमच्या ज्या वाणाचा जनुकसंच २००३ साली नेदरलँड्समध्ये वाचला गेला, त्यात मँगनीजच्या वाहकांची एकाहून अधिक जनुके आहेत. मँगनीज तोडले की त्यांतली काही जोरात चालू होतात.

उपासमारीत वाहक वाढतात, यात एक धोकाही आहे. वाहक धातूला त्याच्या आकारावरून आणि भारावरून ओळखतो, नावावरून नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कामात दिसले, की मँगनीजसाठी आसुसलेला प्लँटारम कॅडमियमही तितक्याच उत्साहाने आत घेतो. कॅडमियम त्याच्या काही कामाचे नाही, उलट विषारी आहे. नवी मुंबईच्या वाचकाने इथे थोडे थांबावे. एका बाजूला ठाणे-बेलापूर पट्टा, दुसऱ्या बाजूला तळोजा, आणि मध्ये खाडी. त्या खाडीच्या गाळात जड धातू असल्याच्या नोंदी अनेक अभ्यासांत आहेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले, तेव्हा कासाडी नदीत काय सोडले जाते हे सगळ्या देशाने पाहिले. तो रंग कॅडमियमचा नव्हता; पण पाण्यात काय जाते याकडे लक्ष जायला निळे कुत्रे दिसावे लागले, ही गोष्ट मनाला लागून राहते. मातीतले, पाण्यातले, आतड्यातले जीवाणू त्या पाण्यात राहतात. आवश्यक खनिज कमी आणि विषारी धातू जास्त, अशा जागी जीवाणूचे जगण्याचे साधनच त्याला मारते.

याच गुणाचा उपयोग करून घ्यावा, असा विचार चीनमधल्या संशोधकांनी केला. प्लँटारमचे काही वाण कॅडमियम आपल्या पेशीभित्तीवर धरून ठेवतात. उंदरांना असे जीवाणू दिल्यावर त्यांच्या शरीरात साचणारे कॅडमियम कमी झाले. प्रयोग चांगले आहेत, पण उंदरांवरचे आहेत. रोज वाटीभर दही खाल्ले की शरीरातले धातू निघून जातात, असे यावरून म्हणता येत नाही. शिवाय दह्याच्या विरजणात प्लँटारम असतोच असेही नाही.

दह्याकडे वळल्यावर मँगनीजची गोष्ट आणखी रंगते. दुधात मँगनीज अगदी नगण्य असते, लिटरमागे मिलिग्रॅमचे काही शतांश. मे महिन्यात नेरूळ-बेलापूरकडे रात्री लावलेले दही पहाटेच कडक आंबट होते आणि उघडे राहिले तर दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते. आंबटपणा बुरशीला रोखतो असे आपण मानतो, पण कित्येक बुरशींना आणि यीस्टना आंबट परिसर चालतो. २०२० साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवले, की दुधाच्या आंबवलेल्या पदार्थांत काही लॅक्टोबॅसिलस बुरशीला रोखतात ते मुख्यतः मँगनीज संपवून. दुधातले तुटपुंजे मँगनीज ते इतक्या झपाट्याने गोळा करतात, की बुरशीसाठी काही उरत नाही. त्या दह्यात वरून थोडे मँगनीज घातले की बुरशी पुन्हा वाढू लागते. कोणतेही विष न सोडता, केवळ खनिज आधी उचलून शेजाऱ्याला उपाशी ठेवणे, ही जीवाणूंच्या जगातली फार जुनी लढाई आहे. माणसाचे शरीरही ती लढते. आईच्या दुधात लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन असते. ते लोह घट्ट धरून ठेवते आणि रोगजंतूंना मिळू देत नाही.

आता मिठाकडे. उरण, पनवेल आणि पेणकडच्या खाजणांत पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे होती. सिडकोने १९७० नंतर ९५ गावांची जमीन घेतली तेव्हा भातशेतीबरोबर मिठागरेही गेली. मिठागराच्या वाफ्यात पाणी आटत जाते तसे त्यात खारटपणा सोसणारेच जीव उरतात. त्यांच्यापैकी काही पेशीत पोटॅशियम इतके भरतात, की आतला आणि बाहेरचा खारटपणा सारखा होतो. प्रोबायोटिक जीवाणू इतक्या टोकाला जात नाहीत, पण पहिले पाऊल तेच टाकतात. बाहेर मीठ वाढले की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी आकसते. अशा वेळी बहुतेक जीवाणू आधी घाईने पोटॅशियम आत घेतात, म्हणजे पाणीही परत येते. पण पोटॅशियम फार झाले तर विकरांचे काम बिघडते. म्हणून थोड्या वेळाने ते बाहेरून ग्लायसीन बीटेन, कार्निटीन यांसारखे सौम्य रेणू गोळा करतात आणि पोटॅशियम कमी करतात. मीठ एकदम कमी झाले की उलटे: पेशी फुगून फुटू नये म्हणून प्लँटारम काही सेकंदांत बीटेन बाहेर टाकतो. मिठाच्या संकटात खनिजाचे सेवन वाढते ते तात्पुरते, पहिल्या धक्क्यापुरते. लोणच्याबद्दल मात्र एक समज दूर करायला हवा. आपल्या कैरीच्या तेलातल्या लोणच्यात मीठ इतके असते, की त्यात लॅक्टिक आंबवण जवळजवळ होतच नाही. टिकण्याच्या दृष्टीने ते उत्तम; पण प्रोबायोटिक अन्न म्हणून त्याची गणना करू नये.

जठरातले आम्ल हे मिठाहून वाईट संकट. तिथे प्रोटॉन आत घुसतात आणि पेशीचा आतला भाग आंबट होऊ लागतो. जीवाणू पटलातल्या पंपाने प्रोटॉन बाहेर काढतो. त्या पंपाला ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा देणारा रेणू मॅग्नेशियमशी बांधलेला असेल तरच उपयोगी पडतो. पुढे लहान आतड्यात पित्ताचे क्षार पटल विरघळवू पाहतात, पटल गळके झाले की पोटॅशियम आणि मॅग्नेशियम निसटतात. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अन्नात वापरायच्या वाणाला आम्लाच्या आणि पित्ताच्या चाचणीतून जावे लागते. आधी सौम्य आम्लात राहिलेले जीवाणू पुढचे तीव्र आम्ल अधिक चांगले सोसतात, हे वारंवार दिसले आहे.

काही जीवाणू संकट सोसत बसत नाहीत, ते झोपी जातात. जुलाबात किंवा प्रतिजैविकांच्या जोडीला डॉक्टर ज्या स्पोरलॅकसारख्या गोळ्या लिहून देतात, त्यांतला जीवाणू बॅसिलस कोॲग्युलन्स आहे. वेष्टनावर मात्र त्याचे लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस हे जुने नाव दिसते. अन्न संपले की बॅसिलस बीजाणू तयार करतो. एका पेशीच्या पोटात दुसरी लहान पेशी तयार होते आणि मोठी पेशी तिला कॅल्शियम पुरवू लागते. ते कॅल्शियम डायपिकोलिनिक आम्लाशी जोडून गाभ्यात ठासून भरले जाते, पाणी बाहेर काढले जाते. बीजाणूच्या कोरड्या वजनात या आम्लाचा वाटा ५ ते १५ टक्के असतो. असा बीजाणू ८० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे ठेवला तरी मरत नाही. बीजाणू आणि साधी पेशी वेगळी ओळखायला प्रयोगशाळेत हीच चाचणी वापरतात. बीजाणू तयार व्हायला मँगनीजही लागते, म्हणून उत्पादक टाकीत मँगनीज सल्फेट घालतात. नवी मुंबईच्या दमट हवेत औषधाच्या दुकानात बिनशीतकपाटाची राहणारी गोळी त्या कॅल्शियमच्या भरवशावर राहते. पोटात गेल्यावर अन्न मिळाले की बीजाणू काही मिनिटांत ते सगळे कॅल्शियम बाहेर सोडतो आणि पुन्हा साधी पेशी होऊ लागतो.

म्हणून वेष्टनावरच्या आकड्याकडे पाहताना मला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नाच्या दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात. संख्येची अट योग्यच आहे. पण ते १० कोटी मँगनीज भरलेले आहेत की उपाशी, आम्लाची सवय झालेले आहेत की नाहीत, हे संख्येत दिसत नाही, आणि जठरात किती वाचतात हे त्यावर अवलंबून असते. उत्पादकांनी वाणाच्या नावाबरोबर तो कशात आणि कसा वाढवला, हेही सांगायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीवाणूने घेतलेले खनिज आपल्याला मिळते का? त्याने ते स्वतःसाठी घेतलेले असते. आपला फायदा बहुतांशी वेगळ्या वाटेने होतो. नाचणीचे उदाहरण घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, पण त्यातले बरेचसे फायटिक आम्लाने बांधलेले असते. कोकणात नाचणीचे पीठ रात्रभर आंबवून आंबील करतात, तेव्हा जीवाणूंच्या आम्लामुळे दाण्यातलेच फायटेज विकर कामाला लागते आणि फायटिक आम्ल तुटते. त्यामुळे मोकळे झालेले कॅल्शियम आणि लोह आतड्याला घेता येते.

लोहाचा प्रश्न महाराष्ट्रात गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. देशभरात ते प्रमाण ५७ टक्के होते. लोहाच्या गोळ्या आवश्यकच आहेत, त्या थांबवू नयेत. पण गोळीतले सगळे लोह शरीर घेत नाही. उरलेले मोठ्या आतड्यात जाते आणि तिथल्या जीवाणूंसाठी परिस्थिती एकदम बदलते. ज्यांना लोह फारसे लागत नाही त्या लॅक्टोबॅसिलसना त्याचा काही लाभ नाही. लोहासाठी टपलेल्या आतड्यातल्या रोगकारक जीवाणूंना मात्र सुगी येते. आयव्हरी कोस्टमधल्या शाळकरी मुलांच्या २०१० सालच्या आणि केनियातल्या तान्ह्या बाळांच्या २०१५ सालच्या अभ्यासांत, लोह दिल्यावर उपद्रवी जीवाणू वाढल्याचे आणि उपयुक्त जीवाणू घटल्याचे दिसले. स्वीडनमध्ये प्लँटारमचा २९९-व्ही हा वाण तरुण स्त्रियांना दिल्यावर जेवणातल्या लोहाचे शोषण वाढले. त्या चाचण्या छोट्या होत्या, पण लोह न लागणाराच जीवाणू तिथे उपयोगी पडावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. केनियात २०१७ साली बाळांच्या लोहाच्या भुकटीत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड ही बिफिडो जीवाणूंना आवडणारी शर्करा मिसळून पाहिली, तेव्हा लोहामुळे आतड्यात होणारे वाईट बदल बऱ्याच अंशी टळले. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांतून आणि आरोग्य केंद्रांतून लोहाची गोळी लाखो घरांत जाते. तिच्यासोबत आतड्यातल्या जीवाणूंचाही विचार करणारी अशी चाचणी इथे व्हायला हवी.